साडेचार पानांची आई

बोलपटांचे उर्दू संवाद लिहिणारे मुन्शीजी लखनौचे आहेत, असं मुंबईच्या फिल्म कंपनीतले सगळे लोक धरून चालत. रत्नागिरीत मात्र ते भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका खलाशाचे चिरंजीव आहेत हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. लखनौ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. उत्तरेकडे ते फार तर कल्याणपर्यंत गेले होते, आणि तेही गाडीत झोप लागल्यामुळे.

"मुंबईत कोकणी माणसाचं उर्दू कोण ऐकून घेणार?" असं ते माझ्या वडिलांना म्हणत. "लखनौचा म्हटलं की शिवीसुद्धा शेर वाटते."

राग आला की मात्र लखनौ गळून पडे. एकदा आमच्या मांजराने त्यांच्या कागदांवर शाई सांडली, तेव्हा त्यांनी त्या मांजराच्या सात पिढ्या ज्या भाषेत उद्धरल्या ती अस्सल खाडीची होती. मग घोटभर पाणी प्यायले आणि त्याच मांजराची उर्दूत माफी मागितली.

बाळांनो, तुम्ही पत्रात लिहिलंत की तिकडे कुणाच्या तरी घरी एक जुना उर्दू बोलपट पाहिलात. त्यातली माणसं सारखी कोर्टात उभी राहून भाषणं का करतात, आणि आजीने असलं काही कधी पाहिलंय का, असं विचारलंत. पाहिलंय. इतकंच नाही, तर तसल्या एका कोर्टातल्या भाषणात माझा हात होता. हात म्हणजे खरोखरचा, उजवा. तो काय करून बसला हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही. माझ्यावर रागावण्याचा हक्क असलेली सगळी माणसं गेली, आणि तुम्ही आगबोटीनेही चटकन येऊ शकणार नाही इतके लांब आहात.

तेव्हा बोलपट नुकते बोलू लागले होते. मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिक पास झाले होते, आणि माझ्या मॅट्रिकचं ओझं सगळं घर वाहत होतं. घरातल्या लोणच्याच्या बरण्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या डकवल्या होत्या. आईला इंग्रजी येत नसे, त्यामुळे तिला लिंबाचं कुठलं आणि आंब्याचं कुठलं हे कळायला प्रत्येक बरणी उघडून चाखावी लागे. पूर्वी तिला ते नुसत्या बरणीच्या आकारावरून कळायचं. पण मी चिठ्ठ्या लावताना बरण्याही उंचीप्रमाणे लावून टाकल्या होत्या. मी हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं ते अचानक झालं नाही. त्याची तयारी घरात चालू होती.

इंग्रजीच्या तासाला आम्हाला प्रेसी नावाचा प्रकार शिकवत. मोठा उतारा घ्यायचा, त्यातलं फालतू काढायचं, एकदा सांगितलेलं पुन्हा येऊ द्यायचं नाही, आणि सगळा अर्थ तिसऱ्या हिश्शात बसवायचा. त्यात माझा हात वर्गात कुणी धरू शकत नव्हतं. बक्षीस म्हणून मला एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते मी वाचलं नाही, कारण ते फार लांब होतं.

मुन्शीजी दर वर्षी वैशाखात, पावसासाठी बोट बंद व्हायच्या आत मुंबईहून येत आणि पाऊस संपून बोट सुरू झाली की परत जात. मधे घाटाने मोटार होती, पण आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यांचं उर्दू संपतं आणि पोट सुरू होतं, असं वडील सांगत. वडील आणि ते मराठी चौथीपर्यंत एका बाकावर होते. वडील जिल्हा कोर्टात साधे कारकून. मुन्शीजी त्यांना 'शिरस्तेदार' म्हणत. वडील त्यांना 'लखनौ' म्हणत. राजिवड्याला त्यांची भाड्याची खोली होती, पण रोज सकाळी दहा वाजता ते आमच्या पडवीत हजर.

त्यांच्यासाठी पडवीतल्या कोनाड्यात निळ्या काठाची एक वेगळी कपबशी असे. ती ते स्वतः विसळून ठेवत. आमच्या घरात हे असंच चाले, आणि मॅट्रिक झालेल्या मला त्यात काही खटकत नव्हतं हेही लिहून ठेवते. मुन्शीजी आईला एवढंच म्हणत, "वहिनी, सेठच्या ऑफिसात मला कप नाही. इथे माझ्या मालकीचा आहे." आई त्यावर चहात साखर जरा जास्त घाले.

ते लिहीत चालता चालता. आमच्या पडवीला चार खांब होते. वाक्य एका खांबापाशी सुरू व्हायचं आणि पुढच्या खांबापाशी संपायचं. मधेच संपलं तर वाक्य कच्चं. खांब ओलांडून गेलं तर म्हणत, "हे सेठ कापणार." छत्री नेहमी बरोबर असे, वैशाखाच्या उन्हातही बंद. ती खुर्चीत उभी करून ते तिच्याशी बोलत. छत्री कधी नायिकेचा बाप असे, कधी दरोडेखोर. वडील कोर्टातून आले आणि छत्री खुर्चीत दिसली की आधी विचारत, "आज कोण आहे रे?" आणि मगच दुसरीकडे बसत.

सेठ म्हणजे कंपनीचे मालक. मुन्शीजींच्या बोलण्यात जगातली सगळी दुष्टाई तिथे गोळा झालेली असे. सेठना उर्दू कळत नव्हतं. त्यांना फिल्मची लांबी कळत होती, आणि ते बोलणं फुटांनी मोजत. "मुन्शी, तुझा बाप शंभर फूट बोलतो. मला चाळीस फुटांचा बाप दे." मग मुन्शीजी बापाचे पाय कापत, डोकं कापत, आणि उरलेला बाप पडद्यावर येऊन काहीतरी पुटपुटून जाई. ध्वनी पकडायचं यंत्र फुलदाणीत लपवलेलं असे, त्यामुळे बाप मुलाला हाकलून देतानाही फुलदाणीकडेच बघे. हे सांगताना मुन्शीजी आमच्या तांब्याकडे बघून असे काही गरजत की आई हसून हसून पडवीतून उठून जाई.

त्या वर्षी त्यांनी आल्या आल्या वडिलांना कोर्टाबद्दल विचारायला सुरुवात केली. नव्या बोलपटात एका निरपराध खलाशावर खुनाचा खटला होता, आणि त्याची म्हातारी आई कोर्टात उभी राहून बोलणार होती. वडील म्हणाले, आईला बोलताच येणार नाही, ती साक्षीदार नाही. मुन्शीजी म्हणाले, साक्षीदार नसेल, पण आई आहे. वडील म्हणाले, दोन मिनिटांत जज्ज तिला खाली बसवील.

"शिरस्तेदार, तुझ्या कोर्टातले जज्ज पगारी आहेत. माझ्या कोर्टातला जज्ज रडतो."

"मग निकाल कोण देतो?"

"रडून झाल्यावर देतो."

त्या आईचं भाषण लिहायला त्यांना वीस दिवस लागले. छत्री वीस दिवस जज्ज होती. आणि इथे माझा प्रवेश होतो. आईचं काम करणारी बाई घरी इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबातली होती. पडद्यावरचा तिचा मुलगा तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता, पण ते सोडा. तिला उर्दू ऐकून बोलता येई, वाचता येत नसे. तिला संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून हवे होते. मुन्शीजींना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्यांनी आमच्या बरण्या पाहिल्या होत्या. ते वडिलांना म्हणाले, "पोरीचं अक्षर छापल्यासारखं आहे. मला दे."

मग ते खांबाखांबाने सांगत गेले आणि मी लिहीत गेले. काही अक्षरं घशातून काढायची असत, त्यांच्याखाली ठिपका द्यायचा. दोन दिवसांत माझ्या स्वच्छ पानांवर मोहरी सांडल्यासारखी दिसू लागली. मला निम्मे शब्द कळत नव्हते. पण कळत नाही असं म्हणणं मॅट्रिकला शोभलं नसतं.

मुन्शीजींना आणखी एक गोष्ट आवडली होती. मुंबईतले इतर मुन्शी आपले संवाद चोरतात असा त्यांचा पक्का समज होता. त्या सगळ्यांना इंग्रजी अक्षराचं वावडं. त्यामुळे या खेपेस उर्दूतला मूळ कागद कंपनीकडे पाठवायचाच नाही, फक्त माझी प्रत पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. "आता माझे शब्द तिजोरीत," ते म्हणाले. तिजोरीची किल्ली माझ्याकडे होती.

भाषण फुलस्केपची साडेचार पानं झालं. शेवटचा शब्द सांगून झाल्यावर ते खाली बसले, जोत्यावरच, आणि नेहमीच्या नाटकी आवाजात नव्हे तर साध्या मराठीत म्हणाले, "बाय, आजवर माझी इतकी पानं सिनेमात गेली. आख्खं एकही गेलं नाही. हे एक आख्खं जाऊ दे. मग सेठने मला काढून टाकलं तरी चालेल."

मी मान हलवली. मला वाटलं, ते अक्षराबद्दल बोलतायत.

शेवटच्या बोटीच्या आदल्या दिवशी खाडीपलीकडून निरोप आला की त्यांच्या बहिणीला बरं नाही. ते तसेच तरीच्या होडीत बसून गेले. जाताना मला सांगून गेले की पक्की प्रत करून, लिफाफ्यात घालून उद्या बंदरावर दे.

मी दुपारी लिहायला बसले. बाकी सगळे प्रसंग नीट उतरवले. मग कोर्टातली आई आली. ती म्हणत होती की मुलगा घरातून निघाला तेव्हा दिवस होता. "हुजूर, वो निकला तो दिन था. दिन था, हुजूर. मैं दरवाजे पर थी, दिन था." एवढं तरी मला कळत होतं. दिवस होता हे तिने तीनदा सांगितलं होतं. पुढे त्याची टोपी दोनदा, त्याची चालण्याची पद्धत दोनदा, आणि पुन्हा दिवस. मला त्या बाईची कीव आली. तिला कुणी प्रेसी शिकवलं नव्हतं.

आणि मला एकदम उमगलं की सेठ हे कापणारच. सेठला उर्दू येत नाही, तो वाटेल तिथे कापणार. त्यापेक्षा कापण्याचं ज्याला शास्त्रशुद्ध शिक्षण आहे अशा कुणीतरी ते आधीच केलं तर मुन्शीजींचं भलं होईल. हे अगदी असंच माझ्या मनात आलं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ज्या भाषेतलं निम्मं कळत नव्हतं तिच्यातल्या भाषणाचा मी तासाभरात सारांश केला. तिसरा हिस्सासुद्धा ठेवला नाही. नऊ ओळी उरल्या. ठिपके जागच्या जागी होते. लिफाफा बंद केला, वर समासाची रेघ मारून पत्ता लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर बंदरावर जाऊन तो बोटीवर चढवला. लिफाफा नेणारा छोटा पडाव लाटांवर हलत आगबोटीकडे गेला तेव्हा मी समाधानाने बघत उभी होते. मुन्शीजी परत आल्यावर त्यांना सांगायचं, आणि ते आभार मानतील तेव्हा "त्यात काय" म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

ते आठ दिवसांनी आले. पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "आख्खं गेलं?"

त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा शंका आली की माझं काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, "गेलं."

श्रावणात कंपनीच्या मॅनेजरचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत, म्हणजे वाचायला मीच. मुन्शीजी, वडील आणि छत्री ऐकायला बसले. मॅनेजरने लिहिलं होतं की चित्रीकरण छान चाललंय, बाईंना संवाद आवडले, आणि मुन्शींना इतक्या वर्षांनी थोडक्यात लिहायची अक्कल आली, विशेषतः कोर्टातल्या नऊ ओळींत, याबद्दल सेठ अतिशय खूश आहेत. हे शेवटचं वाक्य डोळ्यांपुढे आलं तेव्हा मी इतरांसाठी मराठीत अर्थ सांगत होते. मी थांबले. मग म्हटलं, "कोर्टाच्या प्रसंगाबद्दल सेठ अतिशय खूश आहेत." हाही सारांशच होता.

मुन्शीजी उठून उभे राहिले. "सेठ? साडेचार पानांवर खूश?" त्यांनी वडिलांचा हात धरला. "शिरस्तेदार, सेठचं मन पालटलं." त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकून दिला आणि गावात गेले. न्हावी, पोस्टमन, मिरकरवाड्याहून आमच्याकडे मासे घेऊन येणारी सखू, सगळ्यांना त्यांनी साडेचार पानांची ही बातमी सांगितली. सखू मला म्हणाली, "त्यांचं काय हरवलं होतं ता गावलं काय गो? कसे फुलल्यात."

त्यानंतर मी तीनदा खरं सांगायला निघाले. पहिल्यांदा त्यांना खोकला होता. दुसऱ्यांदा मला. तिसऱ्यांदा मी ठरवलं की लेखी कबुली द्यावी. ते अधिक व्यवस्थित. मी दोन पानी पत्र लिहिलं, तारीख, 'रिस्पेक्टेड सर', 'आय बेग टू स्टेट', सगळं जिथल्या तिथे, आणि राजिवड्याच्या पत्त्यावर टपालाने पाठवलं. इंग्रजीत. माफी मागणं मला शाळेत फक्त इंग्रजीत शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुन्शीजी तो लिफाफा घेऊन दहा वाजता आले. "बाय, कंपनीचं आणखी एक पत्र आलंय. वाच."

मी माझंच पत्र हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. अक्षर सुरेख होतं. मी वाचलं की कंपनी त्यांच्या बहिणीच्या प्रकृतीची चौकशी करते. ते गहिवरले. म्हणाले, "सेठ इतका चांगला माणूस, आणि मी त्याला काय काय बोललो."

बहिणीचं दुखणं लांबलं, म्हणून त्या वर्षी बोट सुरू झाली तरी ते गेले नाहीत. दिवाळी होऊन गेल्यावर बोलपटच बोटीने रत्नागिरीला आला. गावात पत्र्याचं एक थिएटर होतं. बायकांचे बाक डावीकडे, पुरुषांचे उजवीकडे, मधे कापडी पडदा. दिवे गेले की तो वर गुंडाळत. रविवारी दुपारी तीनच्या खेळाला खाडीपलीकडची माणसं तरीतरीने आली. मुन्शीजींनी शेरवानी घातली होती. पहिल्या पाट्यांमध्ये त्यांचं नाव उर्दूत आलं तेव्हा ज्यांना उर्दू येत नव्हतं त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मी आईशेजारी बसून पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. पडद्यावर कुणीही बोलो, मुन्शीजींचे ओठ त्याच्या बरोबरीने हलत. नायकाचं, नायिकेचं, पहारेकऱ्याचंसुद्धा. मग कोर्ट आलं. म्हातारीच्या वेशातली ती तरुण बाई उभी राहिली. मला कबूल केलं पाहिजे, तिने काम फार चांगलं केलं. तिने माझ्या नऊ ओळी म्हटल्या, एकदाच "दिन था" म्हटलं, आणि खाली कोसळली. आमच्या बाकांवर सगळ्या बायका रडायला लागल्या. माझी आई रडली. जज्ज रडला. जज्जाने डोळे पुसून निकाल दिला.

मुन्शीजींचे ओठ हलतच होते. पडद्यावर मुलगा सुटला. ओठ हलत होते. नायक-नायिका होडीत बसले, गाणं सुरू झालं, दोन कडवी झाली, आणि त्या उजेडात ते समोर बघत आपल्या आईचं भाषण म्हणत होते. गाणं संपलं तरी ते दुसऱ्या पानावर असतील किंवा तिसऱ्या. लोक त्यांना पाठीवर थापा मारायला लागले तेव्हा ते थांबले. थांबले म्हणजे पूर्ण केलं असं मला वाटत नाही.

घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. कोर्टाच्या कागदात असं केलं असतं तर तुरुंग होता, म्हणाले. मग म्हणाले, "उद्या तो आला की तूच सांग. आणि मराठीत सांग."

ते आले. दहालाच. छत्री खुर्चीत न ठेवता भिंतीला टेकवली. मी उभी राहून सांगितलं: लिफाफा, नऊ ओळी, पहिलं पत्र, दुसरं पत्र. ते दुसऱ्या पत्रापाशी क्षणभर हसल्यासारखे झाले. "म्हणजे माझ्या बहिणीची चौकशी तू केलीस," म्हणाले. मग विचारलं, "का कापलंस?"

"लांब होतं. ती तेच तेच बोलत होती."

"कुठलं?"

"दिवस होता म्हणून. तीनदा."

आई दारात येऊन उभी होती. मग ते बोलले ते खाडीच्या बोलीत, आणि माझ्याशी नव्हे, तिच्याशी. तुमच्यासाठी मी ते साध्या मराठीत लिहिते.

"वहिनी, माझा बाप बोटीवर गेला तो आला नाही. मी सहा वर्षांचा. आई मला घेऊन बंदरावर जायची. बोटीच्या तांडेलाला विचारायची, तो पाण्यात पडला तेव्हा दिवस होता? तो म्हणायचा, होता. परत विचारायची, दिवस होता? दिवस असला तर कुणाला तरी दिसला असेल, दुसऱ्या कुठल्या गलबताने उचलला असेल. तांडेल कंटाळून निघून जायचा. ती बोटीवरच्या दुसऱ्या माणसाला गाठायची आणि तेच विचारायची."

मुन्शीजी मला रागावले नाहीत. त्यांनी खिशातून उर्दूतली साडेचार पानं काढली आणि म्हणाले, "मी सांगतो, वहीत लिही. आणि लिहून झालं की पाठ कर. सेठच्या बाईने नाही म्हटलं, तू म्हणशील."

महिनाभर मी ते पाठ केलं. घशातली अक्षरं काढायला लागले की आमचं मांजर माडावर जाई. मुन्शीजी मला एकेक शब्द वीस वेळा म्हणायला लावत, आणि वडील कोर्टातून येताना दिंडीतूनच म्हणत, "आरोपी अजून सुटला नाही वाटतं." माझ्यासारखी कोरडी, ताठ, शिस्तशीर आई उर्दू सिनेमाला मिळाली नाही हे त्या सिनेमाचं भाग्य. मी 'हाय मेरे लाल' हे हजेरी घेतल्यासारखं म्हणत असे.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला पडवीत उभं केलं. ऐकायला वडील, आई, शेजारच्या काकू, आणि टोपली घेऊन आलेली सखू. मी सुरू केलं. पहिल्या पानावर काकू पेंगल्या. आई वडिलांना हळू म्हणाली की एवढं होईस्तोवर त्या जज्जाचं जेवण निवलं असेल. मी हातांचं काय करायचं ते न कळून ते पाठीमागे धरले होते, शाळेत कविता म्हणताना धरत तसे. दुसऱ्या पानावर दिवसाशी आले. म्हटलं, वो निकला तो दिन था. दिन था, हुजूर. मैं दरवाजे पर थी, दिन था.

"होता गो," सखू म्हणाली.

तिला उर्दू येत नव्हतं. तिचा नवरा त्या वेळी माशाला गेलेला होता की नाही, ते मला आज आठवत नाही. तिने टोपलीवरचा हात काढला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. नुसतं उत्तर दिलं. मी अडखळले. मुन्शीजी म्हणाले, "पुढे." मी पुढे म्हटलं, साडेचारही पानं, आणि शेवटी शेवटी माझे हात पाठीमागून कधी सुटले ते मला कळलं नाही. ही माझी शेखी नव्हे. अभिनय तेव्हाही वाईटच होता.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई चुलीवरचा भात बघायला उठली. मुन्शीजी डोळे मिटून बसले होते. ते उघडून म्हणाले, "लांब आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वडीलही.

"सेठचं अगदीच चूक नाही. लांब आहे. वही आण, पेन्सिल आण."

मी दिली. ते एकेक पान वाचत गेले, म्हणजे उर्दूतलं वाचत आणि माझ्या वहीत ती जागा कुठली ते मला विचारत. मी बोटाने दाखवत गेले. दिवसापाशी आले, पुढे गेले. टोपीपाशी आले, पुढे गेले. चौथ्या पानावर म्हातारी जज्जाच्या न्यायबुद्धीची तारीफ करते तिथे थांबले. पेन्सिलीने दोन ओळींवर रेघ मारली, हळूच, कागद दुखू नये अशा बेताने. वडील म्हणाले, "हे बरोबर. कोर्टात असलं चालत नाही."

मुन्शीजींनी वही माझ्या हातात दिली. "आता आख्खं झालं," म्हणाले. "चल, पहिल्यापासून म्हण."

आई भात उतरवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. ती परत येऊन बसली.